बाईंनी निवडलेला मुकादम

बाईसारखी हट्टी बायको मी दुसरी पाहिली नाही. बत्तीस वर्षं संसार केला, म्हणून हे सांगायचा मला हक्क आहे. अंबरनाथ पश्चिमेला शाळेत ती कॉम्प्युटर शिकवायची. सगळे बाई म्हणायचे, म्हणून मीही. मी सातवी नापास, जन्म गेला रंगाच्या कारखान्यात.

रिटायर झाल्यावर तिला खूळ लागलं. ती आणि आणखी पाच-सहा जण मिळून शाळांच्या जुन्या मशीनींसाठी कॉम्प्युटर चालवणारी सिस्टीम बनवत होते, कुणीही फुकट घ्यावी, उघडून बदलावी अशी. त्यात शेलवरून भांडण पेटलं. शेल म्हणजे आमच्या कारखान्यातला मुकादम. काळ्या पडद्यावर आपण हुकूम लिहायचा, तो मशीनकडून काम करून घेतो. असे मुकादम बरेच आहेत. मशीन लावल्यावर न सांगता कोण हजर होणार, एवढंच ठरवायचं होतं. एवढ्यासाठी आठ महिने! जेवताना मुकादम, दवाखान्याच्या रांगेतही मुकादम.

बाकीच्यांना जुना हवा होता. चुकलात की तो ‘असा हुकूम नाही’ म्हणतो आणि गप्प बसतो. बाईला नवा हवा होता. एखाद-दोन अक्षरं टाकली की आधी लिहिलेलं आठवून पुढची अक्षरं तो फिकट दाखवतो. बाणाचं बटण दाबलं की झालं. त्यांच्यातलाच, उल्हासनगरला कॉम्प्युटरच्या पार्टांचं दुकान असलेला साई तिला म्हणायचा, “बाई, जिसको चाहिए वो बदल लेगा ना.”

“ज्याला बदलता येतं त्याची मला काळजी नाही,” बाई म्हणायची. “बदलता येतं हेच ज्याला ठाऊक नाही, तो माझ्या घरात बसलाय.”

तो मी. रोज चहा झाला की मला एका मशीनपुढे बसवायची. एक दिवस जुना, एक दिवस नवा. चुकलो तर सांगायची नाही, नुसती आपल्या मशीनवर लिहून घ्यायची. मी काय प्रयोगाचा उंदीर आहे का, असं विचारलं तर म्हणे, “उंदीर एवढी कुरकुर करत नाही. बसा.”

तिच्या केमोचे दोन डोस झालेले, तरी मला ओढत रिक्षाने साईच्या दुकानात गेली. सगळे जमलेले. तिथे माझ्या चुका मोठ्याने वाचल्या, परक्या माणसांत. साई आधी हसला, मग डोकं खाजवत बसला. “मेरे बाबा का भी यही होगा,” म्हणाला. मशीनची आतली जुनी कामं जुन्या मुकादमाकडेच ठेवायची आणि माणसासमोर नवा उभा करायचा, असं ठरलं. येताना रिक्षात मी तोंड फुगवून बसलो. ती मात्र खूश होती.

दिवाळीआधी गेली. सिस्टीम शाळांत पोचली ती नंतर.

परवा तिचं मशीन लावलं. सवयीनं एक अक्षर दाबलं, तर पुढे फिकट अक्षरं आली. तिनं शेवटी लिहिलेला हुकूम होता तो: एक फाइल उघडायची, नाव ‘ह्यांच्या चुका’. बाण दाबला, मग एंटर, आणि फाइल उघडली. आत तिनं लिहिलेलं: स्पेस दिली नाही. परत स्पेस दिली नाही. मशीनला शिवी दिली. अशी ही लांब यादी. सगळ्यात खाली होतं, ‘आज एकही चूक नाही. बसायला मात्र दोनदा सांगावं लागलं.’

त्याच्याखाली मी एका बोटानं लिहिलं, ‘आज नसांगता बसलो.’ स्पेस राहिलीच.