तणमोराचा रकाना

माळावर नोकरी केलेल्या माणसाच्या कपड्यांना कुसळं चिकटतात. घरी येऊन कितीही वेचा, दोन-चार राहतातच. किस्स्यांचंही तसंच आहे. मी चौथी शिकलेला माणूस. मीठमसाला मला लावता येत नाही. झालं तेवढं सांगतो.

जिंतूरच्या वरच्या अंगाला वनखात्याचा गवताळ माळ आहे. तिथं आम्ही तिघं वनमजूर होतो. मी, शेषराव आणि गफूर. काम एकच. गवत राखायचं. गवत राहिलं तर हरणं राहतात, ससे राहतात, आणि पावसाळ्यात तणमोर येतो.

तणमोर म्हणजे कोंबडीएवढा पक्षी. नर काळा, डोक्यामागं बारीक तुरे. श्रावणात तो गवतातून सरळ वर उडी मारतो आणि पुन्हा गवतात पडतो. खालून कुणी चेंडू फेकावा तसा. मादीनं बघावं म्हणून हा खटाटोप.

पहिल्यांदा बघितला तेव्हा आम्ही कामधंदा सोडून उभे राहिलो. दिवसभर तो उड्या मारत होता. मादी काही दिसेना.

गफूर म्हणाला, "शेषराव, तुझ्या सोयरिकीच्या टायमाला असंच चाललं होतं की रे."

शेषराव म्हणाला, "मी एवढ्या उंच न्हाई उडालो."

*

गवत कापायचं ते दिवाळीनंतर, बी गळून पडल्यावर. त्याआधी विळा लावला की पुढच्या साली माळ उघडा पडतो. हा नियम आम्ही कुणासाठी मोडला नाही.

एका भादव्यात शेषरावानं एक बाई पकडली. डोक्यावर भारा, तोंडावर पदर. पदर बाजूला झाला तर त्याची सासू.

ती म्हणाली, "जावईबापू, बरं झालं भेटलात. भारा लय जड झालाय, जरा धरा."

शेषरावानं भारा स्वतःच्या डोक्यावर घेतला आणि सासूला पुढं घालून थेट चौकीवर आणला. साहेबांपुढं टाकला. म्हणाला, "माल हा, आन् आरोपी आमच्या घरचा."

त्या साली त्याला दिवाळीचं बोलावणं आलं नाही. आम्ही हळहळलो. तो म्हणाला, "न्हाईतरी दिवाळीत वणवा अडवायला जाळरेषा काढायच्या असत्यात. सुट्टी कोण देणार होतं?"

*

मग वरून हुकूम आला, माळावर झाडं लावा. तिघांना तीन तुकडे वाटून दिले.

गफूर म्हणाला, "गवताच्या माळाला झाडं कशापायी? उद्या म्हणतील तळ्यात ज्वारी पेरा."

मी म्हणालो, "हुकूम हाय. खड्डे घे."

मी काम अंगाला लावून घेणारा माणूस. दोन उन्हाळे सायकलीला डबे बांधून पाणी वाहिलं. बायको म्हणायची, "लेकरांला एवढं पाणी पाजलं न्हाई तुमी." माझी झाडं जगली. शेषरावाची वाळली. गफूरची बकऱ्यांनी खाल्ली.

पाहणीला मोठे साहेब आले. माझ्या तुकड्यात उभे राहून म्हणाले, "याला म्हणतात काम." सगळ्यांपुढं माझ्या गळ्यात हार घातला. मग शेषरावाकडं वळून विचारलं, "तुझी झाडं कुठं आहेत?"

शेषराव म्हणाला, "साहेब, मी गवत जगवलंय."

सगळे हसले. मीही हसलो.

*

पुढं तणमोर कमी झाला. मग दिसेनासाच झाला. आम्ही म्हणायचो, पाऊस कमी झालाय.

शहरातून एक मॅडम दुर्बीण घेऊन आल्या. पक्ष्यांचा अभ्यास करायच्या. म्हणाल्या, "काका, तणमोर शेवटी कुठं दिसला होता?" मी आणि गफूरनं त्यांना माझ्या तुकड्यात नेलं. पूर्वी तो तिथंच नाचायचा.

त्यांनी वर बघितलं. "ही झाडं कुणी लावली?"

मी छाती काढून म्हणालो, "मी. एक बी मरू दिलं न्हाई."

त्यांनी दुर्बीण पिशवीत ठेवली. मग सांगितलं. झाडावर कावळे बसतात, ससाणे बसतात, ते अंडी-पिल्लं टिपतात. तणमोराला मोकळा माळ लागतो. झाडं दिसली की तो तिथं उतरत नाही.

गफूर म्हणाला, "मारोती, तुझं काम लय पक्कं हाय. पाखरालासुद्धा पटलं."

तो थट्टेनंच म्हणाला होता. मी घरापर्यंत सायकल हातात धरून चालत गेलो.

*

मी रिटायर झालो. शेषराव वारला. त्यानंतर हुकूम आला, झाडं काढा, गवत परत आणा.

नवा गार्ड पोरगेला आहे. घरी निरोप द्यायला आला, "मामा, उद्या तुमच्या तुकड्यात कुऱ्हाड लागणार. तुमी येऊ नका, वाईट वाटंल."

मी कुऱ्हाड घेऊनच गेलो. पहिलं झाड मी पाडलं. बाकीची त्यांनी पाडली. शेषरावाच्या तुकड्यातलं गवताचं बी वेचून माझ्या तुकड्यात टाकलं. दोन पावसाळ्यांत गवत गुडघ्याला लागलं.

तणमोर आला नाही.

*

आता श्रावण लागला की मी आणि गफूर रोज सकाळी माळावर जाऊन बसतो. गफूरला मोतीबिंदू आहे, दिसत नाही. मला ऐकू कमी येतं. मी बघायचं, त्यानं ऐकायचं, असं ठरलंय. तणमोर उडी मारताना बेडकासारखा आवाज करतो.

परवा गफूरनं माझा दंड धरला. "उडाला."

मी बघितलं. गवत हलत होतं. वाराही होता.

"पुना उडाला. तुझ्याच तुकड्यात हाय. बघ की."

मी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत बघितलं.

खाली चौकीवर आलो. गार्डानं रजिस्टर काढलं. झाडं काढल्यापासून तणमोराच्या रकान्यात चार वर्षं शून्य आहे.

"गफूरचाचा, तुमी ऐकला म्हणता. पण ऐकलेलं चालत न्हाई, दिसावं लागतं." त्यानं पेन माझ्याकडं केलं. "मामा, तुमाला दिसला का?"

गफूर माझ्याकडं तोंड करून उभा होता. मी पेन घेतलं नाही.

गफूरच म्हणाला, "लिव्हा साहेब शून्य. बेडूक असंल."

गार्डानं पेन टेकवलं. मी त्याचा हात धरला.

"शून्य लिहू नका," मी म्हणालो. "आजचा रकाना कोरा ठेवा."