देवसिंगचा नागपूरचा ब्लॉक

ढाणकीजवळच्या तांड्यातला देवसिंग राठोड हा नागपुरात स्वतःचा ब्लॉक घेणारा आमच्याकडचा पहिला माणूस. त्याचा एक ट्रक होता. राजूरच्या खाणीतला कोळसा तो जिनिंगच्या कारखान्यांना पोचवायचा. परमिट, टायर, सुटे भाग यांच्यासाठी नागपूरला सारखं जावं लागे. धर्मशाळेत राहून कंटाळलो म्हणून ब्लॉक घेतला, असं तो सांगायचा. खरी गोष्ट वेगळी होती. सुट्या भागांच्या एका व्यापाऱ्यानं त्याला विचारलं होतं, "कुठं उतरलात?" धर्मशाळेचं नाव ऐकल्यावर पुढं केलेली खुर्ची त्यानं दुसऱ्या गिऱ्हाईकाला दिली. तेव्हापासून देवसिंगला नागपुरात पत्ता हवा होता.

पासष्ट साली एका नव्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्याला दोन खोल्या मिळाल्या. दारावर पाटी लागली, 'डी. एस. राठोड'. महिन्यातले थोडे दिवस तिथं, बाकीचे तांड्यावर. पहिल्याच खेपेला त्यानं बायकोला, हंसाबाईला, बजावलं, "इथं ही घागरा-चोळी, फेटिया-कांचळी नाही घालायची. पातळ नेस."

"मले त्यात चालता येत नाही," ती म्हणाली. पण नेसली. आपण तांड्यावरचे आहोत हे बोलीवरून कळू नये म्हणून शेजाऱ्यांशी ती नुसती हसायची. समोरच्या बेबीताईंनी राठोड म्हणजे यवतमाळकडचे कोणी मालगुजार असावेत असं धरून चाललं होतं. देवसिंगनं तसं कधी सांगितलं नव्हतं. पण नाही असंही सांगितलं नव्हतं.

पोळा होऊन गेला होता. देवसिंग बेबीताईंकडे चहाला बसला होता. तेवढ्यात खालून घुंगरं वाजली आणि हाक आली, "देवा! ए देवा!"

तो आवाज जमनीचा, त्याच्या थोरल्या बहिणीचा. आई गेल्यावर तिनंच त्याला कडेवर वागवून मोठं केलं होतं. हा गुरांमागं जाण्याएवढा होईपर्यंत ती सासरी नांदायला गेली नव्हती.

बेबीताईंनी गॅलरीतून वाकून पाहिलं. "अगबाई, लमाणी दिसतात! जिन्यात बसली तर उठायची नाहीत. राठोडसाहेब, जरा हाकलता का? आमचे हे घरात नाहीत."

देवसिंगनं कप खाली ठेवला. "बघतो," म्हणाला.

खाली पायरीवर जमनीचा नवरा लालसिंग पोट धरून बसला होता. यवतमाळच्या डॉक्टरनं त्याला नागपूरच्या मेडिकलला पाठवलं होतं. भावाला पाहून जमनीचा चेहरा फुलला. तिनं त्याच्या गालाकडे हात नेला. वरून बेबीताई बघताहेत हे ठाऊक असलेला देवसिंग मागं सरकला. मग आपल्या बोलीत, हळू आवाजात म्हणाला, "बाई, घरात चुना लावून राह्यले. पाय ठेवाले जागा नाही. मेडिकलजवळ धर्मशाळा हाये, तिथं जा."

जमनीनं लगेच विचारलं, "मंग तू कुठं निजतं, भिया? चुन्याच्या वासानं तुले खोकला येते. चाल आमच्यासंगं. मी भाकरी टाकीन."

देवसिंग रस्त्याकडे वळला. त्यानं सायकलरिक्षा थांबवली आणि दोघांना बसवून दिलं. वरून बेबीताईंनी विचारलं, "गेले का?"

"गेले."

घरात हंसाबाई चुलीजवळ उभी होती. "जमनीबाई आलती ना? कुठं धाडलं तिले?" तिनं विचारलं. "मेडिकलजवळच्या धर्मशाळेत," तो म्हणाला. तिनं पातळ सोडलं, ट्रंकेतून फेटिया काढून घातला, पीठ फडक्यात बांधलं आणि भरदिवसा जिना उतरून गेली. बेबीताई दारात बघत राहिल्या. देवसिंग तिच्यामागं गेला नाही.

लालसिंगचं ऑपरेशन झाल्यावर देवसिंग मेडिकलला गेला. लालसिंग शेजारच्या खाटेवरच्या माणसाला कौतुकानं सांगत होता, "माह्या साळ्याचं घर हाये इथं. चुना लावून राह्यले, नाहीतर तिथंच राह्यलो असतो. जीव लावते बिचारा." पायाशी बसलेल्या हंसाबाईनं मान वर केली नाही. तिनं कोणाला काही सांगितलं नव्हतं. देवसिंग वॉर्डाच्या दारातच उभा राहिला. त्याला आत जाववेना.

लालसिंगला दवाखान्यातून सुटी मिळाली त्या दिवशी मात्र तो हट्टानं त्यांना ब्लॉकवर घेऊन आला. 'ही माझी बहीण' हे शब्द रिक्षात त्यानं मनात किती वेळा म्हटले होते. बेबीताई दारातच होत्या. जमनीकडे वळून तो एवढंच म्हणाला, "या, या."

भिंती होत्या तशाच होत्या. चुलीमागं तेलाचे डाग, खिळ्याभोवतीचा काळा वण. लालसिंगनं सगळीकडे पाहिलं. "चुना कुठं लावला, देवा?"

जमनीच बोलली, "आतल्या खोलीत लावला असन. तुमी बसा, पोटावर ताण नका देऊ." बोलताना तिनं भावाकडे पाहिलं नाही. मग पाणी मागितलं, उभ्यानंच प्याली आणि म्हणाली, "घरातच नळ हाये. हंसाचे पाय वाचले."

ती गोष्ट जमनीनं पुन्हा कधी काढली नाही. काढली असती, दोन शिव्या दिल्या असत्या, तर त्याला सोपं गेलं असतं. तिच्या घरी गेला की तो अर्धी भाकरी ठेवून उठे. हंसाबाईनं नागपुरात पातळ पुन्हा नेसलं नाही, आणि त्यानंही कधी नेस म्हटलं नाही.

मग त्यानं तांड्यात सांगून टाकलं, मेडिकलला कोणी गेलं तर ब्लॉकवरच उतरायचं. बरेच दिवस कोणी आलं नाही. सगळ्यांना कळलंय, असं त्याला वाटे. कदाचित कोणालाच काही माहीत नव्हतं. पुढं तांड्यातली मानीबाई आपल्या पोटुशी सुनेला घेऊन आली, तेव्हा तो स्वतः मोटारस्टँडवर गेला.

जिन्यात बेबीताईंनी गाठलंच. "राठोडसाहेब, कोण हो हे लोक?"

"आमचेच," तो म्हणाला.

अजून बरंच सांगायचं होतं. त्या दिवशी हाकललेली ती कोण होती, तेही सांगायचं होतं. पण खाली मान घालून त्यानं मानीबाईचं गाठोडं घेतलं आणि जिना चढायला लागला.