बाईंचे मिस्टर

राजाशी लग्न केलेली बाई राणी होते. मग राणीशी लग्न केलेला पुरुष राजा का होत नाही? प्रश्न विलायतेचा वाटेल, पण मला तो सोलापुरात, आमच्याच गल्लीत पडला. तिथे एक गृहस्थ राहतात. त्यांना सगळे मिस्टर म्हणायचे. नुसतं मिस्टर. पुढे नाव नाही, आडनाव नाही. गल्लीच्या टोकाला असलेल्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणजे आमच्या बाई, आणि हे बाईंचे मिस्टर.

बाई शाळेला निघाल्या की मिस्टर त्यांच्या जरा मागे चालत. हातात बाईंची पर्स, काखेत तपासलेल्या पेपरांचा गठ्ठा. फाटकाशी दोन्ही त्यांच्या स्वाधीन करायचं आणि तिथून टॉवेलच्या कारखान्यात मागावर जायचं. कोपऱ्यावरच्या पानटपरीवर कुणीतरी हटकायचंच.

"काय मिस्टर, पर्स कुणाची?"

"सरकारची. तुमच्यात सरकार न्हाय का?"

"हाय की. पन आमचं सरकार आमच्या मागं चालतंय."

"मग पर्स बी तेच धरत असंल. तुमचा उपेग काय?"

माझे बाबा कामगारांची पत्रकं लिहायचे. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्याच पत्रकांवर, त्यामुळे किताब, हुद्दे, मानपान यांचा मला लहानपणापासून राग. कॉलेजात असताना मी डॉक्टरीणबाई, वकिलीणबाई, पाटलीणबाई या हाकांविरुद्ध एक पत्रक काढलं. नवऱ्याची खुर्ची बायकोला चिकटते आणि तिचं नाव गिळते, हीच आपल्या घराघरातली राजेशाही, असं त्यात ठणकावलं होतं. मिस्टरांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं.

"पत्रकवाले, बायकांचं लिवलंस ते बराबर हाय. पन आमचं कुटं हाय ह्यात?"

"पुरुषांना कुठे असलं काही सोसावं लागतं, मिस्टर?"

"सोसतंय कोन? मला ते आवडतंय की," ते म्हणाले आणि पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली.

बाईंच्या निरोपसमारंभाची गोष्ट गल्लीत अजून सांगतात. त्या शाळेत त्यांच्याआधीचे सगळे मुख्याध्यापक पुरुष. निरोपाचा आहेर ठरून गेलेला: सरांना फेटा आणि शाल, शेजारच्या खुर्चीवरच्या वहिनींना साडी आणि नारळ. समितीनं नेहमीच्या दुकानातून नेहमीचाच आहेर आणला. कुणाच्या डोक्यातच काही आलं नाही. बाईंना फेटा बांधला गेला. मग जोडीदाराचा सत्कार पुकारला, मिस्टर मंचावर चढले आणि पिशवीतून हिरवी साडी निघाली. सभागृह हसत सुटलं. समितीचे अध्यक्ष घाम पुसू लागले. मिस्टरांनी साडी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि माइककडे वाकून म्हणाले, "रंग झ्याक हाय. पोलकं तेवढं मोठं शिवावं लागंल." फेट्याखाली बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

ती साडी बाईंनी नेसली नाही. "सत्कार तुमचा, साडी तुमची," असं म्हणून त्यांनी ती मिस्टरांच्या कपड्यांत ठेवून दिली. पुढे थोड्याच काळात बाई आजारी पडल्या आणि गेल्या. नवऱ्याआधी गेलेल्या बाईला हिरवी साडी नेसवतात. बाजारात कुणाला पाठवायचं असं शेजारणी कुजबुजत होत्या, तोवर मिस्टरांनी कपाट उघडलं. त्या प्रथेशी माझं आजही भांडण आहे. त्या दिवशी त्या साडीची घडी मीच उलगडून दिली.

बाई गेल्या आणि त्या घराची वर्दळ संपली. पेढे घेऊन येणारे, लग्नाची पत्रिका ठेवणारे, दाखल्यासाठी अडलेले, सगळे बाईंकडे यायचे. मिस्टर चहा करायचे आणि दाराशी स्टुलावर बसून सगळं ऐकायचे. आता स्टूल होतं, येणारं कुणी नव्हतं. मग संध्याकाळी ते आमच्याकडे टीव्ही बघायला येऊ लागले.

इंग्लंडच्या नव्या राजाचा राज्याभिषेक दाखवत होते तेव्हाही ते आमच्याकडेच होते. बाबा चिडून आत गेले. राजाशेजारी त्याच्या बायकोलाही मुकुट घातला, तेव्हा मिस्टरांनी विचारलं, "आनि ह्याच्या आदी राणी होती, तिच्या मालकाला घातलावता का?"

"नाही. तो राजपुत्रच राहिला. राजा म्हटलं तर तो राणीच्या वरचढ ठरेल, ही त्यांची भीती."

मी रागारागानं मोबाइलवर आणखी शोधत गेले. युरोपात उत्तरेकडच्या एका देशात राणीच्या नवऱ्याला राजा म्हणवून घ्यायचं होतं. ते जमलं नाही म्हणून, मेल्यावर मला तिच्या शेजारी पुरू नका, असं त्यानं सांगून ठेवलं. मला वाटलं मिस्टर हसतील.

"येडा मानूस," ते हळू म्हणाले. "शेजारची जागा मिळत हुती, ती बी सोडली."

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "राणी गेली आनि तिचा मालक मागं ऱ्हायला, तर त्याचं काय?"

"किताब राहतो त्याच्याकडे. कुणी काढून घेत नाही."

"मग बरं हाय त्याचं."

ते असं का म्हणाले, ते मला पुढच्याच आठवड्यात दुकानात कळलं. शाळेत मुख्याध्यापिका म्हणून नव्या बाई आल्या होत्या आणि त्यांनी महिन्यापूर्वीच आमच्या गल्लीत घर घेतलं होतं. त्यांचे यजमान स्कूटरवरून उतरले. दुकानदार म्हणाला, "या, मिस्टर, या." मग काउंटरपाशी उभ्या असलेल्या आमच्या मिस्टरांना म्हणाला, "आजोबा, जरा बाजूला सरका." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मिस्टर सरकले. तेलाची पुडी न घेताच घरी गेले.

मी मागोमाग गेले. मला वाटलं, हीच वेळ आहे. म्हटलं, "मी तुम्हाला तुमच्या नावानं हाक मारणार. दत्तूकाका. माणसाला स्वतःचं नाव असावं."

"नगं, पत्रकवाले." ते स्टुलावर बसले होते. "मिस्टर म्हनलं की बाई त्यात येत्यात. नावानं बोलावलंस तर मी एकटाच यीन."



किताबांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. राजेरजवाड्यांचे सगळे काढून घ्या. पण बाईंच्या हाताखाली शिकून पुण्या-मुंबईला गेलेल्यांनो, पुढच्या सुट्टीत सोलापूरला आलात की गल्लीच्या त्या टोकाला जा. हार नको, पेढे नकोत. दार उघडंच असतं. उंबऱ्यातूनच "मिस्टर" अशी हाक मारा, आणि बाईंनी तुम्हाला कशासाठी वर्गाबाहेर उभं केलं होतं, ते त्यांना सविस्तर सांगा.