गायीच्या घशात घातलेला हात

मी पोचले तेव्हा गाय मान लांब करून उभी होती. तोंडातून लाळेच्या तारा, डावी कूस फुगलेली. निरगुडसरला बटाट्याची काढणी चालू होती. बांधावर टाकलेले चिरलेले, बारके बटाटे जनावरं अख्खेच गिळतात. एखादा घशात अडकला असणार, काम सोपं आहे, असं वाटून मला हायसंच वाटलं.

गोठ्यापाशी पाच-सहा जण जमले होते. कुणीतरी म्हणालं, "आदीचं डाक्टर सरळ हात घालायचं, राव."

इंग्रजी शाळेत उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नाही. त्या दिवशी मात्र हातमोजे पिशवीतच ठेवले आणि उघडा हात गायीच्या घशात घातला. आत काहीच लागलं नाही. बाहेर काढताना तिच्या दाढेने मनगट खरचटलं.

"आवाज बी बसलाय तिचा," घरातल्या आजी म्हणाल्या. "मागल्या महिन्यात त्ये पिसाळल्यालं कुत्रं गोठ्यात शिरलं व्हतं."

"आये, गप की! चावलं न्हाई त्ये," त्यांचा मुलगा म्हणाला.

"तू व्हतास का बघाया?"

मी खरचटलेल्या मनगटाकडे पाहिलं. रेबीज झालेली गायही अशीच लाळ गाळते, तिचाही आवाज बसतो. आणि नवखा डॉक्टर काहीतरी अडकलंय समजून हात घालतो. परीक्षेत हे मी स्वतः लिहिलं होतं.

"तिच्या तोंडात अजून कुणी हात घातला?"

"आमी समद्यांनीच. तेल पाजलं न्हवं का!"

मी साबण मागितला आणि मनगट धूत राहिले.

"मॅडमला किळस आली," कुणीतरी हसलं.

मग मला बोलावंच लागलं. कुत्र्याचं, लाळेचं, इंजेक्शनचं. हसू थांबलं. मोजे चढवून मी रबरी नळी घशात सरकवली. छातीपाशी ती अडली, जरा रेटा दिल्यावर पुढे गेली. भसकन वायू सुटला, कूस उतरली. पण पुढे ढकलला गेला तो बटाटा, की गायीनं नुसता घोट गिळला? बाहेर तर काहीच पडलं नव्हतं.

"उद्या तिनं खाल्लं, तर बटाटाच होता," मी म्हणाले. "पण तुम्ही आजच इंजेक्शन घ्या."

"सकाळपातूर बघू," मुलगा म्हणाला.

आजी मात्र पदर खोचून माझ्या स्कूटीवर मागे बसल्या. "चल बाय. तू बी टोचून घे, मी बी घेते." मंचरच्या दवाखान्यापर्यंत त्यांनी माझा खांदा सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून मी फोन हातात धरून बसले होते. नऊ वाजून गेल्यावर तो वाजला.

"खातीया गं बाय! आवाज बी सुटला."

मी भिंतीला टेकले. मग विचारलं, "काय खातेय?"

"बटाटंच की. बांधावरचं."

"आजी, आधी ते उचला!" मी ओरडले. शेजारच्या खोलीतून आई धावत आली. माझा एवढा मोठा आवाज तिनं कधी ऐकला नव्हता.