आबांचा ग्रुप आणि छातीचा सीटी

बापलेकांतल्या गोष्टी नळीत कॅल्शियम साठावं तशा साठतात. गुपचूप. कळतं तेव्हा बराच उशीर झालेला असतो!

मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षी सोडलं. आता जळगावच्या एका सीटी सेंटरमध्ये लोकांच्या छातीवर ईसीजीचे स्टिकर चिकटवतो. हृदयाच्या नळ्यांत किती कॅल्शियम साठलंय, ते मशीन आकड्यात सांगतं. शून्य म्हणजे उत्तम. आकडा मोठा, तेवढा झटक्याचा धोका मोठा.

पिंप्राळ्यात आबा, म्हणजे माझा बाप, ज्या ग्रुपबरोबर सकाळी फिरतात त्यातले एकजण चालता चालता कोसळले. मग अख्खा ग्रुप आमच्या सेंटरच्या दारात. आबा सोडून. जिना चढताना दोनदा थांबणारा माणूस म्हणतो, "माले काय बी व्हयेल नही!"

*

किराणावाले शांतीभाऊ. रिपोर्ट शून्य. चेहरा पडला.

"काहीच नाही निघालं? परत काढ ना, नीट बघ!"

*

नाना वरणगावच्या फॅक्टरीतून रिटायर. "जिंदगीभर दारूगोळा हाताळला, तुझ्या मशीनला काय घाबरू?"

स्टिकरसाठी छातीवरचे केस काढायला मी रेझर उचललं. नाना उघड्या छातीने थेट रिक्षा स्टँडवर!

*

गुरुजी रिटायर हेडमास्तर. माझ्या तोंडावर म्हणाले होते, "तू वाया गेलास." त्यांचा आकडा चारशेच्या वर. डॉक्टरांना भेटायच्या आधीच ग्रुपवर मेसेज : "आपल्यात मी पहिला!"

सगळ्यांचे अंगठे. आबांचाही.

संध्याकाळी डॉक्टरांनी गुरुजींना अ‍ॅडमिट करून घेतलं. चारशेला अंगठे देणारे सगळे शहाणे. आणि अडाणी मी!

*

त्या दिवशी जेवताना मी म्हणालो, "आबा, उद्या या."

"ज्याला चार पेपर सुटले नाहीत, तो माझं हृदय तपासणार?"

"आहे की नाही, ते तरी कळेल!"

आईच्या हातातली भाकरी तिथेच थांबली.

*

गुरुजींची बायपास ठरली, त्याच्या दुसऱ्या दिवशी आबा आले. मला न बघता टेबलावर आडवे झाले. स्टिकर मीच लावले. आबांच्या छातीला हात लावायची ती पहिलीच वेळ. घामाने स्टिकर दोनदा निसटले.

चित्र स्वच्छ यायला ठोके पासष्टच्या आत लागतात. आबांचे अठ्ठ्याण्णव.

"घाबरू नका आबा," टेक्निशियन मॅडम म्हणाल्या.

"घाबरतो कोण? याला बाहेर काढा, आपोआप उतरतील."

मी बाहेर आलो. काचेमागे मॅडमशेजारी उभा राहिलो. दार बंद झालं.

अठ्ठ्याण्णव. एकशे चार. एकशे बारा.

मॅडमनी माइक दाबला. "आबा, आता काय झालं?"

स्पीकरमधून आवाज आला, अगदी हळू :

"मॅडम... खरंच गया का तो?"