रांगेतली चिझुरू

चिझुरू नोमोटोला ती एकोणीस वर्षांची असल्यापासून मी कपडे चढवत आले. लंडनच्या आमच्या बॅले कंपनीत कपडेपट माझ्याकडे आहे. जपानमध्ये स्पर्धा जिंकून आलेली पोर, पण इथे नायिकेमागे एकसारखं नाचणाऱ्या पोरींच्या रांगेत उभी केली ती तिथेच राहिली. का, तर रांगेतली कुठलीही जागा तिला पाठ. कोणी आजारी पडलं की बोलवा चिझुरूला! तिच्यामागून आलेल्या पोरी नायिका झाल्या.

"अगं, एकदा तरी नाही म्हण की!" मी ओरडायचे. ती नुसती हसायची. असा संताप यायचा मला!

चौतिसाव्या वर्षी एकदाची भूमिका मिळाली. लग्नाआधी मेलेल्या मुलींच्या भुतांची राणी, शनिवारी दुपारचा एकच खेळ. हंगाम संपला की तिचा करारही संपणार होता, म्हणजे पहिली आणि शेवटचीच. ते बघायला तोयामाहून तिची आई येणार होती. गावात जन्मभर मुलींना बॅले शिकवलेली बाई, पण विमानात कधी बसली नव्हती. राणीचा पोशाख मी चिझुरूच्या मापाचा करून ठेवला.

शनिवारी दुपारी रांगेतली एक मुलगी तापाने आडवी झाली. आमचे दिग्दर्शक मिस्टर प्राइस कपडेपटात आले.

"चिझुरू, राणी करणारी दुसरी आहे माझ्याकडे. रांगेतली ती जागा तुझ्याशिवाय कोणाला येते?"

"अहो, तिची आई आलीये जपानहून!" मला राहवेना.

"मॉरीन, तुम्ही टाके घाला."

चिझुरू "हो, सर" म्हणाली. वाटोळं होवो मेल्याचं! राणीचा पोशाख मी दुसरीच्या अंगावर बेतला.

"आईला कळवलंस?"

"ती जाऊन बसलीसुद्धा असेल."

पडदा वर गेला. रांगेतल्या सगळ्या पांढऱ्या झग्यात, तोंडावर जाळीची ओढणी.

खेळ संपल्यावर आई आत आली. लहानखुरी बाई, हातात तांदळाच्या खाऱ्या चकत्यांचा डबा. सगळ्यांना वाकून नमस्कार करत तिने डबा फिरवला. प्राइसनेही दोन उचलल्या, "वा, छान!" म्हणाला. मग ती लेकीजवळ गेली आणि तिचा हात धरून हळू आवाजात काहीतरी बोलली.

"काय म्हणाली गं?"

"म्हणाली, राणी दुसरी निघाली, म्हणून तुला रांगेत शोधत बसले. प्रत्येकीला निरखलं, पण तू काही ओळखू आली नाहीस. रांगेत असंच नाचायचं असतं. माझं शिकवणं फुकट नाही गेलं."

एवढ्या वर्षांत ती माझ्यासमोर पहिल्यांदा रडली. आईला वाटलं, कौतुकाने रडतेय.