क्रेडिटबाईंचा उन्हाळा

प्रधानबाईंना मी कधी घाईत पाहिलं नाही, आणि खरं सांगते, याचाच मला राग यायचा. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, शॉमबर्गजवळच्या एका शाळेत आम्ही दोघी एकदमच लागलो. त्या गणित शिकवायच्या, मी विज्ञान. दोघीही महाराष्ट्रातून बी.एड. करून आलेल्या. पण काही वर्षांतच त्यांचा पगार माझ्या कुठल्या कुठे पुढे गेला.

इथे शिक्षकाचं सर्टिफिकेट ठरावीक वर्षांनी रिन्यू करावं लागायचं, आणि त्यासाठी कॉलेजात कोर्स करून क्रेडिट मिळवावी लागायची. जास्तीची क्रेडिट साठली की पगारही वरच्या पायरीवर. मी एक उन्हाळा सोडून एक मुलांना घेऊन नागपूरला आईकडे पळायची. बाई मात्र दर सुट्टीत कॉलेजात. कॉम्प्युटर म्हणू नका, बालमानसशास्त्र म्हणू नका! इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी त्यांना मागून 'क्रेडिटबाई' म्हणायला लागले, आणि ते नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. त्यांच्या कानावर गेलं तर त्या चक्क हसल्या. मी असते तर महिनाभर अबोला धरला असता.

"अगं, सर्टिफिकेटलाही दुधासारखी तारीख असते, बघत जा," त्या म्हणायच्या. मी कशाला बघतेय! मी ते फ्रेम करून गणपतीशेजारी लावलं होतं. दसऱ्याला पाटीपूजन झालं की त्यालाही हळदकुंकू, मिळाला तर झेंडू. आपल्याकडे एकदा बी.एड. झालं की जन्माचं झालं, हेच डोक्यात पक्कं. पूजा दरवर्षी केली, वाचलं एकदाही नाही.

एका वसंतात प्रिन्सिपॉलनी बोलावून सांगितलं, की सर्टिफिकेट या उन्हाळ्यात संपतंय. क्रेडिट मिळाली नाहीत तर शाळा उघडल्यावर मला बदली शिक्षिकेच्या रोजंदारीवर काम करावं लागेल. आमच्या घराचा हप्ता माझ्या पगारातून जायचा. आणि इंडियाची तिकिटं काढून झाली होती, येतेय म्हणून आईला कळवलंही होतं.

"तिकीट कॅन्सल कर आणि कोर्सला नाव घाल," बाई म्हणाल्या. "माझी क्रेडिट केव्हाच झालीत. यंदा मी जातेय, तुझ्या आईला भेटून येते."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण त्यांच्याजवळ आईसाठी स्वेटर दिला.

मी इथे वर्गात बसून 'मुलांची परीक्षा कशी घ्यावी' यावर निबंध लिहीत होते, तेव्हा दोन दिवसांसाठी गेलेल्या बाई आईकडे आठवडाभर राहिल्या. आईचं पत्र आलं : 'तुझ्या प्रधानबाई फार गुणी. तुझ्यासारखं पानात टाकत नाहीत.' ते वाचून मी जेवले नाही.

बाई परत आल्या त्या लोणच्याची बरणी घेऊन. "तुझ्या आईनं मला समोर बसवून डोक्याला तेल लावलं गं," असं म्हणत त्यांनी ती माझ्यापुढे धरली. मी बरणी घेतली आणि चहासुद्धा विचारला नाही.

शाळा उघडली, माझा पूर्ण पगार सुरू राहिला. दिवाळीच्या आधी आई गेली.

बाई भेटायला आल्या आणि माझ्यापेक्षा जास्त रडल्या. मला त्या रडण्याचाही हेवा वाटला. त्यांच्या डोक्यावरचा आईचा हात ताजा होता. माझ्या डोक्यावरचा दोन वर्षांपूर्वीचा.

रिटायर होऊन बाई मुलाकडे क्युपर्टिनोला गेल्या. अजून फोन करतात. इकडचंतिकडचं झालं की हमखास म्हणतात, "विळीवर कैऱ्या फोडताना तुझी आई तुझ्याबद्दल काय म्हणाली, सांगितलं का गं तुला?"

शंभरदा सांगितलंय. दर वेळी माझा जीव जळतो. आणि दर वेळी मी खुर्ची ओढून बसते अन् म्हणते, "नाही हो बाई, सांगा ना. अगदी पहिल्यापासून सांगा."